चांदसूर्याचं नाणं

आमच्या गावच्या घरात, देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी एक छोटंसं जाड नाणं असायचं. गाव सिन्नरजवळ. नाणं म्हणजे शर्टाच्या बटणाहून जरासं मोठं, कडा ओबडधोबड, रंग काळपट, पण हातात घेतलं की आकाराच्या मानाने चांगलंच जड लागायचं. धनत्रयोदशीला आजी ते ताम्हणात घ्यायची, दूध-पाण्याने धुवायची, हळदकुंकू लावायची आणि परत जागेवर. एका बाजूला वरती चंद्राची कोर आणि एक गोल ठिपका, त्याखाली नुसत्या आडव्या रेघा आणि बारीक बारीक ठिपके. दुसऱ्या बाजूला काय आहे ते घरात कुणालाच सांगता यायचं नाही, त्यामुळे छापा कुठला आणि काटा कुठला यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. आजी म्हणायची, हे चांदसूर्याचं नाणं आहे, देवाचं आहे, त्याच्याशी खेळायचं नाही.

कुठून आलं असं विचारलं की एकच गोष्ट. "तुझ्या खापरपणजोबांना विहीर खणताना बोळकं घावलं गं, त्यात असली लई होती, सोनाराकडं आटवून पणजीला तोडे केले आणि हे एक तेवढं देवाला ठेवलं." बस्स. तोडे पुढे कधीतरी मोडले गेले, विहीरही आता कोरडी आहे.

मग बऱ्याच वर्षांनी नाशिकला नाण्यांचं एक प्रदर्शन भरलं होतं, मी सहज गेले होते, खरं तर मैत्रिणीला शिवराई बघायची होती म्हणून. आणि एका टेबलावर काचेखाली आमच्या देव्हाऱ्यातलं नाणं! एक नाही, चांगली पंधरावीस, रांगेत मांडलेली. मी इतक्या जोरात "अहो हे आमच्याकडे आहे" म्हटलं की पलीकडचे लोक वळून बघायला लागले. टेबलामागचे काका हसले आणि म्हणाले, "ताई, ही गधैया नाणी. आणि याच्यावर एका राजाचा चेहरा आहे, दिसतोय का बघा."

मला काही दिसेना. मग त्यांनी एक नाणं उचललं, जरा तिरकं धरलं, आणि काडीपेटीतल्या काडीने दाखवत गेले, हे बघा हे नाक, ही जी रेघ आहे ती, हा ठिपका म्हणजे डोळा, हा इथे कान, ही वेलांटीसारखी वळणं म्हणजे मुकुट. मग मोबाईलवर दुसऱ्या एका नाण्याचा फोटो काढून शेजारी धरला. मोठं, पातळ, सुबक नाणं, त्यावर दाढीवाला राजा, डोक्यावर पंख असलेला मुकुट. म्हणाले, "हा मूळ पुरुष. इराणचा बादशहा पेरोज." त्या दिवशी घरी येताना बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि तेव्हापासून गेली काही वर्षं या एका नाण्याने मला इतकं वाचायला लावलंय की आज ते सगळं एकदा लिहून काढायचं ठरवलंय.

तर पेरोज. सासानी घराण्यातला राजा, राज्यकाळ इ.स. ४५९ ते ४८४. त्याचं चांदीचं नाणं साधारण ४ ग्रॅमचं, रुंद आणि पातळ. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी, म्हणजे आपल्या पारशी लोकांच्या अग्यारीत जो अग्नी असतो तोच, दोन बाजूंना दोन सेवक उभे, आणि ज्वाळेच्या एका अंगाला तारा तर दुसऱ्या अंगाला चंद्रकोर. या पेरोजचं पूर्वेकडच्या हूणांशी, ज्यांना हेफ्थलाइट म्हणतात त्यांच्याशी, वैर होतं. लढाईत तो त्यांच्या हाती सापडला, सुटकेसाठी चांदीची प्रचंड खंडणी कबूल करावी लागली, ती पुरी होईपर्यंत स्वतःचा मुलगा कवाध ओलीस ठेवावा लागला, आणि एवढं सगळं होऊनही ४८४ मध्ये परत त्यांच्यावरच चाल करून गेला आणि मारला गेला. खंडणी गेली ती नाण्यांच्या रूपात. म्हणजे हूणांच्या मुलखात पेरोजच्या तोंडाच्या चांदीचा पूरच आला. तिथल्या लोकांना चांदी म्हटलं की हाच चेहरा, एवढी सवय झाली, मग हूणांनी स्वतःची नाणी पाडायला घेतली तेव्हाही हाच नमुना उचलला, आणि तोरमाण वगैरे हूण राजांबरोबर हा नमुना हिंदुस्थानात उतरला.

हूणांची सत्ता फार टिकली नाही. पण नाणं टिकलं. राजस्थान, गुजरात, माळवा आणि मग आपल्याकडे खानदेश, नाशिक, कोकण या सगळ्या पट्ट्यात पुढची पाचसहाशे वर्षं हेच नाणं पाडलं जात राहिलं, आणि प्रत्येक पिढीत चेहरा थोडा थोडा पुसला गेला. कसा, तर ठसा कोरणाऱ्या कारागिराने पेरोजला तर सोडाच, पेरोजचं अस्सल नाणंही कधी बघितलेलं नव्हतं. त्याच्यासमोर बाजारात चालणारं नाणं, त्यावरून तो ठसा कोरणार, त्या ठशाच्या नाण्यावरून त्याचा नातू कोरणार. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यावर जे होतं तेच. आधी पहलवी, म्हणजे जुनी इराणी, अक्षरं गेली, ती कुणाला वाचताच येत नव्हती, त्यांचे ठिपके झाले. मग दाढी गेली. मग मुकुटाच्या पंखांच्या वेलांट्या झाल्या. मागच्या बाजूचे सेवक म्हणजे ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी, वेदी म्हणजे एकावर एक आडव्या रेघा. त्यात नाणं आकाराने लहान आणि जाड होत गेलं, ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ठशाचा जेवढा भाग चकतीवर बसेल तेवढाच उमटायचा, नाक आलं तर मुकुट नाही, मुकुट आला तर हनुवटी नाही.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत राहिली. तारा आणि चंद्रकोर. इराणी अग्नीच्या शेजारचे तारा-चंद्र इथे सूर्य-चंद्र झाले, आणि मला वाटतं ते टिकले कारण इथल्या माणसाला ते ओळखीचे होते. आपल्याकडे वीरगळ बघा, शिलाहारांच्या काळातले गधेगळ बघा, दगडाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतातच, म्हणजे हे दान किंवा ही कीर्ती चंद्र-सूर्य आहेत तोवर राहो. वेदी कुणाला कळत नव्हती ती रेघांमध्ये गेली, राजा कुणाचाच नव्हता तो विरघळला, चंद्र-सूर्य आपले होते ते राहिले. माझ्या आजीला सासानी शब्द माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण तिने नाण्याचं नाव ठेवलं ते बरोब्बर त्याच गोष्टीवरून.

(गधेगळ आणि गधैया यात गोंधळ करू नका हां. गधेगळ म्हणजे शापाचा दगड, त्यावर गाढव कोरलेलं असतं. गधैया नावाबद्दल लोककथा अशी की विक्रमादित्याचा बाप गंधर्वसेन शापाने गाढव झाला होता आणि ही नाणी त्याची. कथा गोड आहे, नाण्यावर गाढव कुठेही नाही.)

आता माझा एक साधा प्रयोग सांगते. माझ्या चुलतभावाचं सोन्याचांदीचं दुकान आहे, त्याच्या काट्यावर आजीचं नाणं ठेवलं. ४ ग्रॅमला किंचित कमी. मी त्या काट्याकडे बघत राहिले, खरंच अंगावर काटा आला. चेहरा गेला, अक्षरं गेली, धर्म बदलला, मुलूख बदलला, राजघराणी आली आणि गेली, आणि वजन तेच राहिलं! माझं या नाण्याबद्दल जे काही म्हणणं आहे ते या एका गोष्टीत आहे. लोक याला ऱ्हास म्हणतात, पुस्तकात शब्दच असतो भ्रष्ट नक्कल, कला घसरली, कारागीर अडाणी, अंधारयुग वगैरे. मला ते अजिबात पटत नाही. चेहऱ्याची कुणाला गरजच नव्हती म्हणून तो गेला आणि वजनाची गरज होती म्हणून ते जपलं गेलं. चांदीचा कस मात्र उतरला हे खरं, सुरुवातीची नाणी चांगल्या चांदीची आणि शेवटची शेवटची तर तांब्यातच चांदी मिसळलेली. आपल्या बाजूला चांदीची खाण नाही, राजस्थानात जावरला होती, बाकी बरीचशी चांदी व्यापारातूनच यायची, मग जेवढी मिळेल तेवढ्यात भागवायचं. पण बाजारात सराफ बसलेला होता, तो कस बघणार, वाजवून बघणार आणि त्याप्रमाणे भाव ठरवणार. खणखणीत नाणं हा शब्द आपण आज माणसासाठी वापरतो, तो त्या सराफाच्या कानातून आलेला आहे.

आणि एकदा एखादं नाणं बाजारात रुळलं की त्याचं रूप बदलायला कुणी धजत नाही, कारण रूप बदललं की शंका आली. आमच्याच जिल्ह्यातलं नंतरच्या काळातलं उदाहरण बघा, चांदवडची टाकसाळ होळकरांची, तिथे पाडलेला चांदवडी रुपया सगळीकडे चालायचा, आणि त्यावर नाव कुणाचं तर दिल्लीच्या शाहआलम बादशहाचं. होळकरांना स्वतःचं नाव घालता आलं नसतं का? आलं असतं. पण रुपया चालायला पाहिजे ना.

यावरून मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते, ती नाशिकजवळच्या अंजनेरीची. आपण अंजनेरीला हनुमानाचं जन्मस्थान म्हणून जातो, पावसाळ्यात ट्रेकला जातो. तिथे नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालयही आहे, कधी त्र्यंबकला जाताना जरूर थांबा. पण मी सांगतेय ते तिथे सापडलेल्या ताम्रपटांबद्दल. हरिश्चंद्र घराण्याचा भोगशक्ती म्हणून एक सामंत, बदामीच्या चालुक्यांच्या हाताखालचा, त्याचा इ.स. ७१० च्या सुमाराचा ताम्रपट आहे. त्यात पैशाचा उल्लेख येतो तो कृष्णराज रूपक या नावाने. हा कृष्णराज कोण, तर माहिष्मतीचा कलचुरी राजा, काळ साधारण इ.स. ५५० ते ५७५. म्हणजे राजा मेल्यावर सव्वाशे-दीडशे वर्षांनीसुद्धा, त्याचं घराणं चालुक्यांनी मोडून काढल्यावरसुद्धा, इकडच्या बाजारात हिशोब त्याच्या नावाच्या रुपयात चाललेला होता! आणि तोही त्याच चालुक्यांच्या सामंताच्या अधिकृत कागदात, म्हणजे पत्र्यात.

हे कृष्णराजाचं नाणं मी नंतर मुद्दाम जाऊन बघितलं. चांदीचं, इटुकलं, जेमतेम २ ग्रॅमचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती ब्राह्मी अक्षरं, परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज. एवढ्याशा चकतीवर एवढं मोठं वाक्य, आईबापांच्या पायांचं ध्यान करणारा आणि शंकराचा परमभक्त. अशी नाणी बागलाणात देवळाण्याला सापडली, मुंबईच्या साष्टीत सापडली, आणि याच राजाची तांब्याची बारकी नाणी घारापुरीच्या बेटावर बरीच मिळाली, त्यावरूनच तर काही अभ्यासक म्हणतात की घारापुरीची ती भव्य लेणी कलचुरींच्या काळातली. आधी बराच काळ लोक हे नाणं राष्ट्रकूटांच्या कृष्ण राजाचं समजत होते, ज्याने वेरूळचं कैलास कोरवलं तो. नाव एकच, म्हणून घोटाळा. इतिहासकार वा. वि. मिराशींनी तो सोडवला आणि नाणं कलचुरी कृष्णराजाच्या पदरात घातलं.

पण मग राष्ट्रकूटांची नाणी कुठेत? हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता. ज्यांनी कैलास लेणं कोरलं, ज्यांच्या घोड्यांनी गंगेचं पाणी प्यायलं, त्यांची म्हणून नक्की सांगता येतील अशी नाणी जवळपास नाहीतच. ताम्रपटांत द्रम्म, सुवर्ण, गद्याणक अशी नाण्यांची सगळी नावं येतात, म्हणजे पैसा चालत होता. इ.स. ८५१ मध्ये लिहिलेला एक अरबी प्रवासवृत्तान्त आहे, सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याच्या नावावर तो ओळखला जातो, त्यात बल्हारा म्हणजे वल्लभराजाला, राष्ट्रकूट राजालाच, जगातल्या चार मोठ्या राजांत बसवलंय आणि त्याच्या राज्यात तातारी दिरहम चालतात, ते वजनाला दीड दिरहमाचे असतात असं म्हटलंय. आता अरबांचा दिरहम जवळजवळ ३ ग्रॅमचा, दीडपट म्हणजे साडेचार. माझ्या मते तो व्यापारी हेच आमचं जाडं नाणं किंवा याचाच जरा आधीचा भाऊ हातात धरून बोलतोय. म्हणजे एवढ्या मोठ्या सम्राटाच्या मुलखात बिननावाचं नाणं चालत होतं आणि सम्राटाला त्याचं काही वाटत नव्हतं.

इतिहासकारांमध्ये यावरून मोठा वाद आहे. रामशरण शर्मांचं म्हणणं असं की साधारण सहाव्या शतकानंतर नाणी कमी झाली, व्यापार बसला, शहरं ओस पडली, राजे पगार द्यायच्या ऐवजी जमिनी द्यायला लागले. उलट जॉन डेयेल नावाच्या अभ्यासकाने दाखवलं की नाणी कमी नव्हतीच, आपण फक्त राजांची नावं असलेली सुंदर नाणी मोजत होतो, ही बिननावाची हलक्या चांदीची नाणी कुणी धड मोजलीच नव्हती. मी काही इतिहासकार नाही, पण आमच्या खापरपणजोबांच्या बोळक्यात "लई" होती, तेव्हा मी डेयेलच्या बाजूने आहे.

टाकसाळींचं मात्र मन खट्टू होतं. टाकसाळ म्हणजे टंकशाला, आडनावातसुद्धा टाकसाळे राहिले, पण गधैयावर टाकसाळीचं नाव नाही, साल नाही, काही नाही. काम कसं चालायचं ते समजतं, चांदी आटवायची, वजनाचे तुकडे पाडायचे, खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वर तुकडा ठेवायचा, त्यावर वरचा ठसा आणि हातोड्याचा एक घाव. दिवसभर ठण ठण ठण. कर्नाटकात लक्कुंडीची टाकसाळ तर इतकी नावाजलेली की तिच्या सोन्याच्या नाण्याला लोक्कि गद्याण असंच म्हणायचे, गोव्याच्या कदंबांनी तर सोन्याच्या नाण्यावर आपला सिंह आणि सप्तकोटीश्वराचं नाव घातलं, तोच सप्तकोटीश्वर ज्याचं देऊळ नार्व्याला शिवाजी महाराजांनी परत उभं केलं. आमच्या चांदसूर्याला असं गाव नाही. एक अपवाद फार गोड आहे, उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराज, म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिराशी ज्याचं नाव जोडलं जातं तो अकराव्या शतकातला राजा, त्याच्या नावाची अक्षरं असलेली गधैया सापडलेली आहेत. तेच नाक, त्याच रेघा, आणि अचानक नागरीत एक नाव. बाकी सगळे मुके.

त्या काळात एका द्रम्माला, म्हणजे आमच्यासारख्या चांदीच्या नाण्याला, काय यायचं हे मला कायम जाणून घ्यायचं असतं. परळला एक शिलालेख सापडलाय, शके ११०८ चा म्हणजे इ.स. ११८७ चा, शिलाहार अपरादित्याचा. त्यात साष्टीतल्या माहवली गावच्या एका वाडीचं उत्पन्न, २४ द्रम्म, वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिलंय. एका वाडीचे २४ द्रम्म! तेव्हा त्या वाडीत नारळ-सुपारी असणार, आज त्या भागात काय भाव आहे ते मुंबईकरांना सांगायला नको.

आणि मग भास्कराचार्य. लीलावती आपण शून्य आणि समीकरणांसाठी ऐकलेली असते, पण इ.स. ११५० चा हा ग्रंथ सुरू होताच आधी पैशाचं कोष्टक आहे. वराटकानां दशकद्वयं यत् सा काकिणी ताश्च पणश्चतस्रः. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. मी लगेच कागद घेऊन गुणाकार केला, एक द्रम्म म्हणजे १२८० कवड्या. आपण कवडीमोल म्हणतो ना, ते किती खरं मोल आहे ते तेव्हा कळलं. रोजचा बाजार कवड्यांत, त्या मालदीवच्या समुद्रातून जहाजांनी यायच्या, आणि मोठा व्यवहार द्रम्मात. सोळाचा हिशोब तर थेट आपल्या सोळा आण्यांपर्यंत चालत आला, सोळा आणे खरं हे म्हणणारी माझी आजी शेवटची.

द्रम्म हा शब्दच काय फिरलाय बघा. ग्रीकांचा द्राख्म, इराणात द्रह्म, अरबांकडे दिरहम, आपल्याकडे द्रम्म आणि मग मराठीत दाम. माझा मावसभाऊ दुबईला असतो, त्याचा पगार दिरहममध्ये होतो, आणि इकडे आजी भाजीवालीला म्हणायची "दाम करी काम", तो एकच शब्द आहे! दामदुप्पट, रोख दाम, छदाम, दमडी, चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, सगळं त्याच घरातलं. पुढे अकबराच्या वेळी दाम तांब्याचा झाला, चाळीस दामांचा एक रुपया, आणि दमडी म्हणजे त्या दामाचाही आठवा हिस्सा. म्हणून आज दमडी म्हटलं की काहीच नाही. पण मुळात तो चांदीचा होता, ४ ग्रॅमचा, आमच्या देव्हाऱ्यात बसलेला.

मराठीत हा दाम अगदी सुरुवातीपासून आहे. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, शके ११२८ चा, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. वरचा भाग संस्कृत, आणि शेवटी जिथे बाजारातल्या करांचा विषय येतो तिथे भाषा एकदम मराठी होते, आणि त्यात दामाचा विसोवा येतो, म्हणजे दामाचा विसावा भाग, गिऱ्हाईकाकडून घ्यायचा. राजाची स्तुती संस्कृतमध्ये आणि पैशाचा हिशोब मराठीत, कारण पैसे देणारे मराठी बोलत होते. लीळाचरित्रातही दाम आणि आसू ही नाणी येतात, अगदी सहज, बाजारहाटाच्या बोलण्यात.

तोपर्यंत देवगिरीच्या यादवांनी स्वतःची सोन्याची नाणी काढली होती, पद्मटंक. ती फारच देखणी. पातळ सोन्याची चकती, मधोमध कमळाचा ठसा, कडेने श्री, शंख आणि राजाचं नाव असे वेगवेगळे ठसे एकेक करून मारलेले, त्या घावांनी नाणं बशीसारखं खोलगट व्हायचं. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र सगळ्यांची आहेत. आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला वाचवत नाही. १२९६ ला अल्लाउद्दीन देवगिरीवर आला, सोनं दिल्लीला गेलं, आणि दिल्लीच्या टाकसाळीत काम करणाऱ्या ठक्कुर फेरू नावाच्या जैन माणसाने १३१८ मध्ये नाण्यांच्या पारखेवर जो ग्रंथ लिहिला त्यात देवगिरीच्या या नाण्यांचीही नोंद आहे, कशात किती कस आहे त्याची. कशासाठी, तर आटवायला आलेलं नाणं पारखून घेता यावं म्हणून. आपल्या सिंघणाच्या कमळाची ओळख एका मुशीशेजारी बसून लिहिली गेली. पण फेरूने ती लिहून ठेवली याबद्दल मी त्याची ऋणी आहे, आमच्या खापरपणजोबांच्या बोळक्याची तेवढीही नोंद नाही.

तेच मला जाम लागतं. त्या बोळक्यात कदाचित छित्तराजाचं एखादं असेल, कदाचित एखाद्यावर वाचता येईल असं अक्षर असेल. आटलं ते गेलं. त्या वेळच्या लोकांना मी दोष देत नाही, पोटाला हवं असतं, आणि लेकीसुनेला तोडे करावेसे वाटणंही साहजिक. पण आता तरी, वाचणाऱ्यांपैकी कुणाला शेतात, घराच्या पायात, विहिरीत असं काही सापडलं तर कृपा करून सोनाराकडे धावू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं असतं. आणि घरात आधीपासून एखादं असेल तर चिंच, लिंबू, पावडर काही लावू नका. आम्ही एका दुकानात नाणं नुसतं दाखवायला नेलं होतं तेव्हा तिथल्या माणसाने न विचारता ते ॲसिडमध्ये बुडवायला घेतलं, मी हात धरला म्हणून वाचलं. तो काळा थर नाण्याचं कातडं आहे. आजीचं दूध-पाणी त्यामानाने सोज्वळ होतं, तरी आता आम्ही कोरड्या कापडाने पुसतो आणि हळदकुंकू शेजारी वाहतो.

मागच्या दिवाळीत भाचीला हे सगळं सांगत होते. तिला चेहरा लगेच दिसला, मला इतकी मिनिटं लागली होती, ती म्हणाली "अगं मावशी, हा तर डावीकडे बघतोय की उजवीकडे तेवढं सांग." उजवीकडे बघतोय, पेरोजसारखाच. मग तिने कवड्यांचं कोष्टक पाठ केलं आणि घरातल्या कवड्या गोळा करायला निघाली. आजीच्या सारीपाटाच्या पिशवीतल्या, आईच्या परडीतल्या, शोकेसमधल्या बाटलीतल्या, एक बैलांच्या जुन्या माळेतली सुटलेली. सगळ्या ताम्हणाशेजारी ओतून मोजल्या. ४३ भरल्या. म्हणजे दोन काकिणी आणि वर तीन कवड्या.